पाण्याच्या रात्री आठ भाग

आमच्याकडं पाचव्या दिवशी पाणी येतं,
कधी एकला, कधी साडेतीनला,
कधी पाइप फुटला म्हणून सहाव्या दिवशी.
अक्का आणि मी जागतो.
जागायला काहीतरी लागतं.

विडीच्या सुपाला मोबाईल टेकवला, पहिला भाग सुरू.
एक माणूस आहे. तो उडत नाही.
त्याचं नाव घेतलं की तो दिसेनासा होतो,
म्हणून त्याच्या बायकोनं वीस वर्षं
त्याला नुसतं "अहो" म्हटलंय.
अक्का हसली. पानं कातरता कातरता हसली,
तरी एक पान वाकडं गेलं नाही.

दुसऱ्या भागात एक बाई.
तिचे हात रात्री मनगटापासून सुटतात
आणि एकटेच शहरात कामाला जातात,
बुडणाऱ्याला ओढतात, पडायला आलेली छपरं धरून ठेवतात,
पहाटे येऊन तिच्या उशाशी झोपतात.
"ही कसली शक्ती," अक्का म्हणाली,
"हे तर आमचं हजारी काम."
मांडीवर तिचे हात तिला न विचारता
विड्या वळत होते,
सहाशे चाळीस, सहाशे एक्केचाळीस.

मी अक्कलकोट रोडला युनिफॉर्म शिवतो,
मला भलतंच दिसतं.
त्या वीरांच्या काखेतली शिवण उसवलीय,
आणि पाठीवर फडफडणारं ते कापड, शपथ घेऊन सांगतो,
आपल्या चादरीचं आहे, उलटी बाजू वर.
काठावरचे मोर ओळखू येतात.
कुठल्या बंद मागावरनं गेलं कुणास ठाऊक,
परक्या आभाळात उडतंय,
आणि आत झोपलेलं कुणी नाही.

तिसऱ्यात खलनायक येतो.
खलनायक म्हणजे एक स्वल्पविराम.
खरंच. काळा, वाकडा, माणसाएवढा.
कुणाच्याही वाक्यात शिरतो आणि बसून राहतो,
मग ते वाक्य संपतच नाही.
डॉक्टर म्हणतो, तुमचा मुलगा,
न्यायाधीश म्हणतो, आरोपीला,
लग्नात सगळे अक्षता मुठीत धरून उभे.

अक्काचे हात थांबले, रात्रीत पहिल्यांदा.
भिवंडीहून शेवटचा फोन आला होता,
आठ वर्षं झाली:
"मी पुढच्या महिन्यात,"
एवढंच.
त्याचं नाव अक्कानं कधी घेतलं नाही,
मीही इथं घेत नाही.

पुढचा भाग पाच सेकंदांत, असं पडद्यावर आलं.
चार. तीन.
ती थांबव म्हणाली नाही.

मधले भाग नीट आठवत नाहीत.
एक भित्रा समुद्र होता, जिन्याखाली लपायचा.
एका म्हाताऱ्याच्या पोटात रविवार अडकला होता.
मी हिंदीचं तेलुगू करून सांगत होतो, मध्येच मराठी,
कूलर घरघरत होता, एप्रिलचा पत्रा रात्रीही तापलेला,
आणि कडक भाकरी चावायच्या आवाजात
दोन-तीन संवाद गेलेच.
समुद्राचं पुढं काय झालं ते त्यातच असणार.

आठवा भाग. सगळे ओळीनं उभे,
बिनहातांची ती, बिननावाचा तो,
समोर स्वल्पविराम, शेपटी हलवत.
बाई तोंड उघडते,

आणि आमच्या नळाला खोकला आला.

तीन वाजून दहा. पिंप, हंडे, कळशी, डालड्याचा डबा,
शेजारच्या इरण्णानं मोटार लावली म्हणून भांडण,
ते तेलुगू-कन्नडमध्ये, अर्धं अर्धं.
चाळीस मिनिटांनी आत आलो
तर मोबाईल आपला आपणच सगळं दाखवून
काळा होऊन पडलेला.
शेवट बघितला तो सुपातल्या विड्यांनी.

"मागं घेऊ का, अक्का?"
ती पदराला हात पुसत होती,
मग थांबली, दोन्ही हात उलटसुलट करून बघितले,
जणू ते आत्ताच कुठूनतरी परत आलेत.
"नको तम्मा," म्हणाली,
"पुढच्या पाण्याला बघू.
आता झोप तू.
माझ्या सव्वाशे राहिल्यात अजून,